काँगोची बुडालेली वाट: जानेवारी २०२०च्या एका गाळप्रवाहाचा प्रकरण अभ्यास

१४ ते १६ जानेवारी २०२०. आपल्याकडे संक्रांतीचे दिवस. त्याच दोन दिवसांत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, अटलांटिकच्या तळावरून, चिखल-वाळूचा एक लोंढा अकराशे किलोमीटरहून अधिक धावत गेला. वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ता लागण्याचे कारणच नव्हते. माणसांना तो कळला तो दोन वाटांनी. संशोधकांनी तळाला बांधून ठेवलेली उपकरणे एकामागून एक सुटून वर येऊ लागली आणि आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवू लागली. दुसरीकडे १६ जानेवारीला पश्चिम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक देशांत इंटरनेट रखडले, कारण सॅट-३ आणि वॅक्स या दोन्ही समुद्री केबल एकाच दिवशी तुटल्या होत्या. सॅट-३ची जोडकेबल पुढे मॉरिशसला आणि आपल्या कोचीला येते. त्यामुळे काँगोच्या मुखापासून सुटलेल्या चिखलाचा आपल्या बाजूशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

समुद्रतळावरच्या वाटा कशा कोरल्या जातात हे समजून घ्यायला मी हेच प्रकरण घेतो आहे. अशा प्रवाहांबद्दल शंभर वर्षे जे अंदाज बांधले गेले, त्यांतले बरेचसे इथे पहिल्यांदाच प्रत्यक्ष मोजमापावर तपासता आले.

जागा

काँगो ही पाण्याच्या हिशेबाने ॲमेझॉनखालोखाल जगातली दुसरी मोठी नदी. सेकंदाला सरासरी सुमारे ४०,००० घनमीटर पाणी ती समुद्रात सोडते. मात्र तिच्या पाण्यात गाळ कमी असतो, वर्षाला जेमतेम तीन-चार कोटी टन. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या तुलनेत हा आकडा अगदीच किरकोळ आहे.

तरीही या नदीजवळ एक गोष्ट आहे जी फार थोड्या मोठ्या नद्यांजवळ आहे. बहुतेक नद्यांचा गाळ मुखाशी त्रिभुज प्रदेशात किंवा समुद्रबूड जमिनीवर अडकतो, आणि सागरी घळई सुरू होते ती तिथून बरीच पुढे. काँगोची घळई नदीच्या खाडीतच सुरू होते. समुद्रकिनाऱ्याच्या रेषेपासून सुमारे तीस किलोमीटर आत, नदीच्या पात्रातच तळ खचत जातो आणि मुखाशी येईपर्यंत खोली चारशे मीटरच्या पुढे गेलेली असते. नदी तळावरून लोटत आणलेली वाळू मग दुसरीकडे जाणार कुठे? ती सरळ घळईच्या डोक्यात पडते.

तिथून पुढे घळई समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार कापत जाते. काही ठिकाणी तिच्या भिंती हजार मीटरपेक्षा उंच आहेत. उतार संपल्यावर भिंती बुटक्या होत जातात आणि घळईचे पात्र होते, दोन्ही काठांना पूरतट असलेले, नागमोडी. नकाशावर फक्त हा भाग दाखवला तर कुणीही त्याला मैदानातली नदी म्हणेल. शेवटी, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, पात्र विरघळून गाळाच्या पसरट जिभा उरतात.

गढूळ पाण्याचे वजन

पावसाळ्यात एखाद्या धरणाच्या जलाशयात गढूळ पाणी शिरते तेव्हा ते नेहमीच वर पसरत नाही. पुरेसे गढूळ असेल तर ते स्वच्छ पाण्याखाली बुडी मारते आणि जुन्या नदीपात्राच्या उताराने तळातून भिंतीकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात स्विस संशोधक फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरात ऱ्होन नदीच्या पाण्याचे हेच वागणे पाहिले होते, आणि सरोवराच्या तळावर तिने केलेले पात्रही. समुद्रात अशा प्रवाहाला टर्बिडिटी करंट म्हणतात. मी त्याला गाळप्रवाह म्हणतो.

इथे एक अडचण आहे. नदीचे पाणी गोडे, म्हणून समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके. ते बुडायला दर घनमीटरमागे चाळीस किलोच्या आसपास गाळ लागतो. काँगोच्या पाण्यात तेवढा गाळ कधीच नसतो. पुरातही तिचे तपकिरी पाणी समुद्रावर तरंगत दूरवर जाते. म्हणजे पूर आला आणि तोच पाण्याखाली वाहत सुटला, असे इथे घडूच शकत नाही. मधे एक टप्पा हवा. गाळ आधी घळईच्या डोक्यात साचतो, सैल थरांचा ढीग होतो, आणि कधीतरी तो ढासळतो. ढासळताना पाण्यात मिसळून त्याचा प्रवाह बनतो. हा मधला टप्पा या प्रकरणात फार महत्त्वाचा ठरला.

आधी काय माहीत होते

काँगोच्या मुखासमोर पहिली तार-केबल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकली गेली आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे ती वारंवार तुटत राहिली. दुरुस्तीच्या नोंदी बारकाईने ठेवलेल्या होत्या. १९६४मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हीझन आणि सहकाऱ्यांनी त्या नदीच्या पुरांशी ताडून पाहिल्या आणि संबंध दाखवला. हीझन हे नाव या विषयात आधीच गाजलेले होते. १८ नोव्हेंबर १९२९ला न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स इथे भूकंप झाला आणि त्यानंतर उताराच्या खालच्या बाजूच्या केबल एकेक करून ठरावीक क्रमाने तुटत गेल्या. भूकंपाच्या हादऱ्याने सगळ्या एकदम तुटायला हव्या होत्या. मॉरिस यूइंग यांच्याबरोबर १९५२मध्ये हीझन यांनी या क्रमाचा अर्थ लावला: भूकंपाने गाळ घसरला, त्याचा प्रवाह झाला आणि तो उतरत जाताना वाटेतली केबल तोडत गेला. तुटल्याच्या वेळा हेच त्या प्रवाहाचे घड्याळ. काँगोतही पुढे तेच घड्याळ वापरावे लागले, फक्त अधिक अचूक.

२००९-१० मध्ये काँगोच्या घळईत दोन हजार मीटर खोलीवर, तळापासून वर टांगलेल्या ध्वनिलहरींच्या प्रवाहमापकांनी पहिल्यांदा सविस्तर चित्र दिले. इतर घळयांत असे प्रवाह मिनिटांत किंवा तासांत संपल्याचे दिसले होते. इथे एकेक प्रवाह आठवडाभर चालला. स्पष्टीकरण असे निघाले, की प्रवाहाच्या पुढच्या टोकाला जड आणि वेगवान भाग असतो, तो मागच्या सावकाश भागाला सोडून पुढे पळतो आणि सगळा प्रवाह लांबत जातो. काँगोचा गाळ बारीक, चिखलाचा. तो लवकर खाली बसत नाही, म्हणून मागची शेपटी दिवसेंदिवस वाहत राहते. हे मात्र रोजचे, मध्यम ताकदीचे प्रवाह होते. घळई धुऊन काढणारा मोठा प्रवाह कुणी मोजलेला नव्हता, कारण तो मोजणारे उपकरणच घेऊन जातो.

पूर, पौर्णिमा आणि लोंढा

२०१९मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाचे पीटर टॅलिंग यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने घळईत आणि पुढच्या पात्रात जागोजागी प्रवाहमापक टांगून ठेवले. काही भूकंपमापक पात्राच्या बाहेर, बाजूच्या तळावर ठेवले. यामागचा विचार असा, की प्रवाह तळाला घासत जाताना जमीन थरथरेल आणि ती थरथर सुरक्षित अंतरावरून नोंदवता येईल.

डिसेंबर २०१९च्या अखेरीस काँगोला मोठा पूर आला. १९६०च्या दशकानंतर असा पूर क्वचितच आला होता. पण पुराच्या शिगेला तळाशी काही घडले नाही. १० जानेवारीला पौर्णिमा झाली, त्यामागोमाग उधाणाची भरती-ओहोटी आली, आणि १४ला लोंढा सुटला.

ओहोटीचा आणि दरड कोसळण्याचा संबंध कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला नवा वाटणार नाही. उधाणाच्या ओहोटीला पाणी झपाट्याने आणि खोलवर उतरते. ओल्या चिखलावरचा पाण्याचा दाब कमी होतो, पण चिखलाच्या आत कोंडलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि काठ सुटतो. काँगोच्या खाडीत नेमके कुठे काय ढासळले हे कुणी पाहिलेले नाही. पण पुराने ढीग रचला आणि उधाणाने तो ढकलला, हा क्रम या गटाने मांडला, आणि पूर व लोंढा यांच्यातले अंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकते असेही सांगितले. मला हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. नदीच्या पुराचे दिवस पाहून समुद्रतळाचा धोका टळला म्हणायची सोय यामुळे राहत नाही.

लोंढा किती वेगाने गेला, हे प्रवाहमापकांच्या तुटण्यावरून कळले. प्रत्येक जागचे उपकरण कधी सुटले, केबल कधी तुटली, या वेळा जोडत गेल्यावर वेग मिळाला: वरच्या भागात सेकंदाला ५.२ मीटर, खालच्या भागात ८ मीटर. म्हणजे ताशी सुमारे १९ किलोमीटरवरून २९ किलोमीटर. उतार खाली कमी कमी होत जातो, तरी वेग वाढला. नदीच्या अनुभवातून विचार करणाऱ्याला हे उलटे वाटेल.

आपल्याच वाटेवर पोसलेला प्रवाह

उलटे का वाटते आणि तरी खरे का आहे, इथे थोडे थांबायला हवे. नदीत पाणी उताराने वाहते, आणि गाळ हे त्या पाण्यावरचे ओझे असते. गाळप्रवाहात गाळ हेच इंजिन. गाळाचे वजन पाण्याला खाली ओढते. प्रवाह जोरात असेल तर तो तळ उकरतो. उकरलेला गाळ त्यात मिसळतो. तो आणखी जड होतो. जड झाला की आणखी जोरात जातो आणि आणखी उकरतो. जोर कमी पडला तर याच्या अगदी उलट: गाळ बसतो, प्रवाह हलका होतो, आणखी मंदावतो, विझतो. या दोन अवस्थांच्या मधे फार काळ टिकता येत नाही. असा स्वतःच्याच जोरावर वाढणारा प्रवाह असू शकतो, हे गणितात बरीच वर्षे मांडलेले होते. खुल्या समुद्रात त्याचा पुरावा मिळत नव्हता. काँगोने तो दिला.

आणि खाण्यासाठी तिथे भरपूर साठवलेले होते. २०१९च्या आणि त्यानंतरच्या तळाच्या मोजणीची तुलना केल्यावर दिसले, की त्या एका वर्षातल्या प्रवाहांनी मिळून घळईतून आणि पात्रातून १३४ ते २६८ कोटी टन गाळ उकरून नेला. सगळी लांबी दोनदा मोजता आली नव्हती, मोजलेल्या भागावरून पूर्ण लांबीचा अंदाज बांधला, म्हणून पल्ला इतका मोठा आहे. पण कमीतला कमी आकडा घेतला तरी जगातल्या सगळ्या नद्या मिळून वर्षभरात समुद्राकडे जेवढा तरंगता गाळ आणतात, त्याच्या जवळजवळ पाचवा हिस्सा होतो.

काँगो नदी वर्षाला तीन-चार कोटी टन आणते, हे वर आलेच आहे. म्हणजे एका वर्षात निघून गेलेला गाळ नदीने कित्येक दशके साठवलेला होता. लहान प्रवाह दर वर्षी खाडीतून गाळ उचलतात, घळईत थोडा पुढे नेतात आणि टाकतात. घळई भरत राहते. मग एखाद्या वर्षी मोठा लोंढा सुटतो आणि कणगी रिकामी करतो. सॅट-३ केबल २००१-०२ पासून तिथे होती आणि २०२०पर्यंत या पात्रात तुटली नव्हती. ते कणगी भरण्याचे दिवस होते.

तळाचा आकार

उकरणे सगळीकडे सारखे नव्हते. हे नकाशावर ठळकपणे दिसते आणि माझ्या मते पात्राचा आकार समजण्याची किल्ली इथेच आहे. काही ठिकाणी तळ खोल गेला, तर शेजारचा कित्येक किलोमीटरचा भाग जवळपास जसाच्या तसा राहिला. खोदाई एकवटली होती ती तळातल्या पायऱ्यांजवळ. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या पात्रातल्या अशा पायरीला निक पॉइंट म्हणतात; धबधब्याची कड हे त्याचेच रूप. पायरीवरून पडताना प्रवाह जोराने खणतो, कड तुटते आणि पायरी उगमाच्या दिशेने मागे सरकते. समुद्रतळावरही हेच होते, फक्त वेग वेगळा. नदीत कठीण खडकातला धबधबा मागे सरकायला शतके घेतो. समुद्री पात्रातली पायरी सैल गाळात असते, ती एका वर्षात शेकडो मीटर मागे जाऊ शकते. कॅनडातल्या ब्यूट इनलेटमध्ये वर्षानुवर्षे केलेल्या मोजण्यांत अशा पायऱ्याच पात्राचे खोलीकरण घडवताना दिसल्या.

म्हणून या पात्राचे वळण कसे बदलेल हे फक्त वळणाच्या बाहेरच्या काठाची झीज पाहून सांगता येत नाही. मागे सरकत येणारी पायरी वळणातून जाते तेव्हा ती तळ खाली नेते, काठांचा पाया सुटतो आणि काठ कोसळतो. मधला जुना तळ उंचावर गच्चीसारखा उरतो.

काठ कोसळल्याचे एक उदाहरण याच घळईत सापडले. २००५ आणि २०१९च्या मोजण्यांच्या मधल्या काळात घळईच्या भिंतीचा सुमारे ०.०९ घन किलोमीटरचा तुकडा घसरून तळात आडवा पडला आणि धरण झाले. वरून येणाऱ्या प्रवाहांचा गाळ त्याच्यामागे अडकत गेला: सुमारे ०.४ घन किलोमीटर, काही जागी १५० मीटर जाड, धरणापासून वर २६ किलोमीटरपेक्षा जास्त लांब. सह्याद्रीत दरड कोसळून ओढा अडला की काय होते ते आपल्याला माहीत आहे. इथे पाण्याऐवजी चिखल साठला. असे धरण पुढे फुटते, किंवा प्रवाह बाजूने नवी वाट काढतो आणि जुने वळण तुटून पडते.

पूरतटांचीही गोष्ट वेगळी आहे. नदीचे पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी जड, त्यामुळे वळणावर ते बाहेरच्या काठाला थोडेसेच चढते. गाळप्रवाह भोवतालच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही टक्के जड. गुरुत्वाकर्षण त्याला नाममात्र धरून ठेवते, म्हणून वळणावर तो बाहेरच्या काठावर खूप उंच चढतो आणि वरचा पातळ थर ओसंडून बाहेर पसरतो. त्यातला बारीक चिखल काठाबाहेर बसतो. असे हजारो वेळा झाले की तळाच्या मानाने कितीतरी उंच बांध उभे राहतात, आणि तेच पुढच्या प्रवाहाला पात्रात धरून ठेवतात. हा काठ नसता तर लोंढा बराच आधी पसरून विझला असता. जुन्या प्रवाहांनी नव्यासाठी केलेली वाट, हा याचा साधा अर्थ.

काठावरून ऐकलेले

पात्रातले प्रवाहमापक गेले, पण बाहेरचे भूकंपमापक राहिले. त्यांच्या नोंदी २०२४मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतून दिसले, की असा प्रवाह तीन आठवड्यांहून अधिक चालू होता आणि त्याचा पुढचा जड, वेगवान भाग चारशे किलोमीटरपर्यंत लांब होता. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या सरळ अंतराएवढे हे नुसते डोके. ते शेकडो किलोमीटर जवळपास एकाच वेगाने आणि एकाच लांबीने गेले. तळ उकरत असूनही ते अमर्याद फुगले नाही. म्हणजे वर सांगितलेली वाढ कुठेतरी समतोलाला येते. तो समतोल कशाने ठरतो, यावर आता काम चालू आहे. माझ्या दृष्टीने या प्रकरणातले पद्धतीचे यश हेच: प्रवाहाच्या वाटेत न उभे राहता त्याला मोजता आले.

केबल आणि शिंपले

फेब्रुवारीत केबल दुरुस्त झाल्या. मार्चमध्ये पुन्हा मोठा प्रवाह आला आणि पुन्हा केबल तुटली. त्याच महिन्याच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत टाळेबंदी सुरू झाली, माणसे घरून कामाला बसली. केबल टाकणाऱ्यांना हे पात्र टाळता येत नाही. युरोपातून दक्षिणेकडे जाणारी प्रत्येक किनारी केबल ते कुठेतरी ओलांडणारच. ओलांडायची कुठे, एवढेच हातात आहे. जिथे पायरी आहे किंवा पायरी मागे सरकत येणार आहे तिथे ओलांडू नये, एवढे या मोजण्यांवरून सांगता येते. दोन केबल एकाच पात्रावर अवलंबून ठेवू नयेत हे तर १६ जानेवारीच्या त्या गुरुवारीच दिसले.

या प्रवाहांबरोबर जमिनीवरची पाने, काटक्या, माती खोल समुद्रात जाते. जगभरच्या समुद्रतळात दर वर्षी पुरल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दोन टक्के एकट्या या घळईतून जातो, असा २०१७चा हिशेब आहे. पात्राच्या टोकाला, पाच हजार मीटर खोलीवर, गाळाच्या जिभांवर फ्रेंच संशोधकांना २०११मध्ये शिंपल्यांच्या दाट वस्त्या आणि जिवाणूंचे पांढरे थर आढळले. एवढ्या खोल तळावर अन्न सहसा वरून कणाकणाने पडते आणि वस्त्या विरळ असतात. इथले अन्न काँगोच्या जंगलातून आलेले. ते चिखलात कुजताना सल्फाइड आणि मिथेन तयार होते, आणि शिंपल्यांच्या कल्ल्यांतले जिवाणू त्या सल्फाइडवर जगतात. वरच्या घळईत एखादा काठ कोसळून धरण झाले, की या वस्त्यांकडे येणारे अन्न काही वर्षे अडकून राहते. मोठा लोंढा आला तर ते एकदम येते, आणि काही जागी वस्तीवरच येऊन बसते.